अर्ध्या गोळीत अर्धाच पाळणा

वहिनी,

परवा तुझं तेरावं झालं. जेवणं उरकून पत्रावळ्या उचलता उचलता भावकीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "सुटली बिचारी. लई हाल झाले तिचे." माझ्या हातात पाण्याची घागर होती म्हणून बरं, नाहीतर मी काहीतरी बोलून बसले असते. सुटली म्हणे! तुला सुटायचं होतं हे यांना सांगितलं कुणी? पाठीचा पार कोयता झाला होता, तरी तुला आखाडात तुझ्या लेकीच्या, सुमनच्या बाळाला टोपडं शिवायचं होतं, दिवाळीला कडबोळी करायची होती, आणि माझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण तर अर्ध्यावरच राहिलं. ते आज मी एकटीच पुढे चालवणार आहे. तू मधे बोलू शकत नाहीस, याचा फायदा घेते असं समज.

तू या घरात आलीस तेव्हा मी अंगणात सागरगोटे खेळत होते. नाकाला शेंबूड, वेणी सुटलेली. तू वाकून माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, "वन्सं, तुमी मला घर दावा." दादाची बायको, माझ्याहून एवढी मोठी, आणि मला 'तुमी' म्हणते! मला हसू आवरेना. पुढे मी तुला अगंतुगं करत राहिले आणि तू मला शेवटपर्यंत 'वन्सं, तुमी'. भांडतानासुद्धा. "वन्सं, तुमी लई आगाऊ हाय," असं तूच म्हणू शकायचीस.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तोच मी कपाळ पुसून परत आले. तेव्हा घरात दोन मतं नव्हती. पोरगी चुलीपुढं बसंल, दोन घास खाईल, एवढाच सगळ्यांचा विचार. तू मात्र दादाला सगळ्यांदेखत म्हणालीस, "वन्संस्नी शिकू द्या. भाकरी माझी मी थापीन." दादा तुझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले, मास्तरीण झाले, ते त्या एका वाक्यावर. तुझ्या छातीत तेव्हाच घरघर होती. ओल्या काटक्यांचा धूर कोंडला की तू उंबऱ्यावर येऊन बसायचीस, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर करून. थोडा श्वास सापडला की पुन्हा आत. वहिनी, तो धूर माझ्या वाट्याचा होता. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू "खुळ्या हाय तुमी" म्हणून परत भाकरी उलटायला गेली असतीस.

मग ती गोळी आली. बारीक, पांढरी, तांदळाच्या कणीपेक्षा थोडी मोठी. नगरच्या दवाखान्यात तुला नेलं, तेव्हा तू धड एक वाक्य बोलू शकत नव्हतीस. तिथल्या डॉक्टरांनी ती लिहून दिली, थोड्या दिवसांसाठी, आणि नंतर दाखवायला या म्हणाले. आणि काय जादू झाली! आठवड्याभरात तू विहिरीवरून दोन घागरी घेऊन आलीस आणि अंगणात उभी राहून मला म्हणालीस, "वन्सं, बघा. शिट्टी वाजत न्हाई." मी तुझ्या पाठीला कान लावला. खरंच वाजत नव्हती.

दाखवायला मग कोण जातंय? बरं वाटतंय तर एस.टी.चा धक्का कशाला खायचा. पारनेरच्या बाजाराला दादा गेला की तीच चिठ्ठी दाखवायचा आणि दुकानदार पुडी बांधून द्यायचा. मिरच्या, गूळ, चहाची भुकटी आणि तुझी गोळी. एका पिशवीतून यायचं सगळं. वर्षानुवर्षं.

तुझं तोंड भरायला लागलं, तेव्हा तर घरात आनंदच झाला. हडकुळी होतीस तू. गाल वर आले, हनुवटी गोल झाली, तोंडावर लाली आली. तुझी आई भेटायला आली ती दारातच थबकली आणि रडायला लागली, "माजी लेक भरली गं बाई." बायका विचारायच्या, काय खातीस? तू लाजून म्हणायचीस, "काय न्हाई बाई, भाकरच." संध्याकाळी मीच तुझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायचे. कुणाची नजर लागू नये म्हणून. नजर कसली लागतीय? आजाराचंच तोंड होतं ते, आणि आम्ही त्याची दृष्ट काढत होतो.

हात मात्र सांगत होते. कासार काकणं भरायला यायचा, तेव्हा तुझ्या मनगटावर काळेनिळे डाग उठायचे. तो बिचारा घाबरून म्हणायचा, "वैनी, मी तर हळूच दाबला." तू त्यालाच समजावायचीस. आणि मग लुगडं. एक दिवस तू निऱ्या खोचता खोचता कुरकुरलीस, "ह्या लुगड्याचा पन्हा मोठा हाय. पायात येतंय." पुढच्या लुगड्याचा पन्हा मोठा. त्याच्या पुढच्याचाही. विणणाऱ्यांना तू रीतसर नावं ठेवलीस. मीही हो ला हो केलं. शिंक्यावरचं दुरडं तुला टाच उचलून काढावं लागायला लागलं, तेव्हा दादाने मुकाट्याने शिंक्याची दोरी लांब केली. लुगडं वाढलं, शिंकं वर गेलं, सगळं झालं. वहिनीच बुटकी होतेय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि तू पायाळू! जन्मताना पायांनी आलेली. आपल्याकडे कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, की उसण उतरते, हा समज. गाव तुझ्या दारात यायचं. तालेवार शेतकरीसुद्धा अंगणात पालथे पडायचे आणि तू पदर सावरून, भिंतीला धरून, उजव्या पायाने हलकेच त्यांच्या कमरेवर तीनदा दाबायचीस. लगेच वाकून त्यांना नमस्कार करायचीस, कारण माणसाला पाय लागला ना. माझ्या शाळेचे हेडमास्तर एकदा असेच वाकडे वाकडे चालत आले. आडवे पडताना म्हणतात, "माझा यावर विश्वास नाही हो." तू म्हणालीस, "नसू द्या, पालथं व्हा." दुसऱ्या दिवशी ते सरळ चालत शाळेत आले आणि मला बघून तोंड फिरवलं. ती आठवण निघाली की तू तोंडाला पदर लावून हसायचीस आणि हसता हसता खोकायचीस.

दुष्काळाच्या साली सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर गेलं, तशी तूही गेलीस. मी म्हणाले, माझा पगार येतोय, तू घरी थांब. तू म्हणालीस, "समद्या बाया जात्यात, मी काय पाटलीण हाय व्हय?" आणि खरं सांगायचं तर तुला जावंसं वाटत होतं. इतकी वर्षं दम्याने उंबऱ्यावर बसवलेली बाई, आता चार बायकांच्या बरोबरीने मातीची पाटी उचलू शकत होती. त्याचा तुला केवढा तोरा होता! मला सुट्टी होती, म्हणून मी दुपारची भाकरी घेऊन यायचे. बघते तर बाभळीच्या काट्याकुट्यांच्या सावलीत बायका ओळीने पालथ्या पडलेल्या आणि तू एकेकीच्या पाठीवरून पाय लावत चाललेली. मुकादम लांबून ओरडतोय आणि तू त्याला सांगतेस, "तुमची बी दुखंल तवा या."

त्याच तलावावर तुझी पाठ गेली. पाटी फार जड नव्हती. उचललीस, सरळ होता होता तुझ्या तोंडून "आई गं" निघालं आणि तू होतीस तिथेच मातीत बसलीस. मी जवळच होते. तुझा चेहरा एकदम पांढरा पडला होता. बायका म्हणाल्या, उसण भरली. मग सगळ्यांना प्रश्न पडला, आता हिला पाय कोण लावणार? पायाळू माणसाला स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला कसा लावता येईल?

दादाने पायाळू शोधला. पलीकडच्या गावचा एक शेतकरी, दांडगा गडी, नांगर धरून धरून पाय खांबासारखे झालेले. भर उन्हात चालत आला, चहालासुद्धा थांबला नाही. तुला गोधडीवर पालथं झोपवलं. त्याने हलकेच पाय ठेवला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तू जी किंकाळी फोडलीस ती ऐकून तो माणूस मागे सरकला आणि भिंतीशी जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी दाबलं बी न्हाई वो मास्तरीणबाई," तो मला परत परत सांगत होता.

त्यानंतर तू पाठीवर झोपू शकली नाहीस. कुणी म्हणालं साडेसाती आहे, म्हणून दादा शनिशिंगणापूरला जाऊन तेल घालून आला. तू कण्हता कण्हता म्हणालीस, "शनी एवढा मोठा देव, त्याचं माज्या पाठीत काय काम?" शेवटी आम्ही तुला नगरला नेलं. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला आणि काचेवर लावून दाखवला. मला त्यातलं काय कळणार? पण आपल्याला तव्यावर नीट फुगलेली भाकरी कळते आणि बसलेलीही कळते. काही मणके बसले होते. एकावर एक चेपले होते.

"बाई कुठली गोळी घेतात?" त्यांनी विचारलं. दादाने खिशातून पुडी काढली. डॉक्टरांनी ती उघडून बघितली आणि परत दिली. मग त्यांनी समजावलं. ही गोळी दमा आवरते, पण वर्षानुवर्षं घेतली की हाडांचं बळ खाते. तोंड सुजतं, कातडी पातळ होते, मणके आतून पोकळ होतात आणि साध्या ओझ्यानेही दबतात. दादाने तिथल्या तिथे पुडी चुरगाळली. डॉक्टर घाईने म्हणाले, "एकदम बंद करू नका! जीव जाईल त्यांचा. थोडी थोडी कमी करत आणू. आणि पाठीला कुणाचा पाय लागू देऊ नका." कुठला मणका पाटीने गेला, कुठला पायाने, कुठला आपला आपण, हे त्यांनाही सांगता येईना.

परत येताना एस.टी.त तू पहिलं काय बोललीस, तर, "त्या पायाळूला सांगावा धाडा. म्हनावं, तुज्या पायाचा दोस न्हाई. हाडंच कच्ची हुती." तुझ्या पाठीला प्रत्येक खड्डा लागत होता आणि तुला त्या माणसाची झोप उडाली असेल याची काळजी.

आता आपल्या भांडणाकडे येते. गोळी कमी करायचं काम दादाने माझ्यावर सोपवलं. मी मास्तरीण, माझ्या हातात अडकित्ता. एकीची पाऊण, पाऊणीची अर्धी. मी करड्या आवाजात सांगायचे, एवढीच मिळेल. तुझी शिट्टी परत वाजायला लागली. तू उशा रचून बसून झोपायला लागलीस. जरा बरं वाटलं की म्हणायचीस, "वन्सं, शाळेत पोरांना दम देता तेवढा पुरं. मला आदीच दमा हाय." मी हसायचे नाही. हसले तर तू गोळी मागशील हे मला ठाऊक होतं.

तू मागायचीसच. "पाठ वाकली तर वाकू द्या. मला काय मिरवायचंय? पर श्वास घेता आला पायजे." मी म्हणायचे, या गोळीनेच तुझं वाटोळं केलंय. तू म्हणायचीस, "ह्या गोळीनं मला सुमीचं लगीन बघू दिलं. गोळी आली त्या साली म्या मेलेच हुते, वन्सं." आणि मग तू भिंतीकडे तोंड करून, मी अडकित्ता हातात घेऊन.

तरी लोक पाठीला पाय लावून घ्यायला यायचेच. तू बाजेवर बसूनच पाय खाली सोडायचीस. डॉक्टरांनी एवढं सांगूनही तुझं हे चालू, म्हणून मी चिडले होते. मग एकदा घोडेगावच्या बाजाराहून परतताना एक जोडपं आपल्याकडे थांबलं. बाईच्या पाठीत कळ होती. तोंड गोल, गाल लाल, मनगटावर डाग. तू तिला जवळ बोलावलंस, हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलंस आणि विचारलंस, "दमा हाय का गं? का सांदं धरत्यात? बारीक पांढरी गोळी खातीस?" ती म्हणाली, व्हय, सांध्यांसाठी, लई गुण आला. तू पाय आखडून घेतलास. "मी पाय लावनार न्हाई. दवाखान्यात जा. आन गोळी मनानं बंद करू नगंस." तिचा नवरा फणकारला, एवढ्या लांबून आलो म्हणाला. तू आपली वाकलेली पाठ त्याच्याकडे केलीस आणि म्हणालीस, "हे बघ. मग काय त्ये ठरीव." त्यानंतर तू येईल त्या प्रत्येकाला आधी गोळीचं विचारत होतीस. मी तुला तेव्हा शाबास म्हणायला हवं होतं. शाळेत पाढा म्हटला तरी मी पोरांना शाबास म्हणते.

आणि बारसं. सुमनच्या बाळाचं. सकाळी सकाळी तू मला हाक मारलीस आणि हात पुढे केलास, "आज आख्खी द्या." मी म्हणाले, अर्धीच. तू म्हणालीस, "वन्सं, पाळना म्हनायचाय मला." मी म्हणाले, दुसरं कुणी म्हणेल. तू माझ्याकडे बघितलंस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "अर्ध्या गोळीत अर्धाच पाळना हुतो." मी रागाने आख्खी गोळी तुझ्या तळहातावर ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

दुपारी तू पाळण्याची दोरी धरून बसलीस. वाकलेली, हनुवटी जवळजवळ छातीला टेकलेली. आणि म्हणालीस. पहिल्या दिवसापासून बाराव्यापर्यंत, एकही कडवं न गाळता. मधे श्वासाला थांबायचीस तेवढीच. तुझा आवाज इतका गोड आहे हे मी विसरले होते, वहिनी. चुलीच्या धुराआधीचा आवाज होता तो, माझ्या लहानपणी जात्यावर ऐकलेला. मी आत भांडी घासत ऐकत होते आणि हात थांबले होते. नंतर तू विचारलंस, "कसा झाला?" मी म्हणाले, "उद्यापासून परत अर्धी." बास, एवढंच बोलले मी.

चांगला झाला होता गं. फार चांगला झाला होता.

या थंडीत तुझ्या छातीत कफ भरला आणि तो निघेना. डॉक्टर घरी आले, तुला तपासलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, पाठ इतकी वाकलीय की छातीच्या पिंजऱ्यात फुप्फुसाला फुगायला जागाच राहिलेली नाही. म्हणजे मी ज्या पाठीसाठी भांडत होते आणि तू ज्या श्वासासाठी, ते एकच होतं शेवटी. आपण दोघी एकाच गोष्टीसाठी भांडत होतो. हे कळायला एवढा उशीर का व्हावा? त्या दुपारी मी स्वतःहून आख्खी गोळी आणली. तू मान हलवलीस. "ऱ्हाऊ द्या वन्सं," म्हणालीस, आणि माझा हात धरून ठेवलास. दादा तुझ्या मागे बसला होता, तू त्याला टेकली होतीस. चारचौघांत तू त्याच्याशेजारी कधी बसली नव्हतीस, आणि त्या दिवशी त्याच्याच छातीला टेकून गेलीस. ऊन अजून अंगणात होतं.

मग माणसं जमली. तुला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. अंगणात तिरडी बांधून झाली आणि तुला तिच्यावर ठेवलं, तर तू सरळ होईना. पाठ टेकवली की मान वर राहायची, मान टेकवली की पाय उचलायचे. दोर आवळता येईना. पुरुषमाणसं एकमेकांकडे बघायला लागली. उशीर होत होता. भावकीतला एक म्हातारा पुढे आला, वाईट मनाने नाही, आणि म्हणाला, "गुडघा ठिवून जरा दाबा. हुईल सरळ."

एकाने खरंच धोतर सावरून गुडघा टेकला. मी पुढे धावले. तेवढ्यात दादा, ज्याने जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही तो आपला दादा, त्या माणसाचा दंड धरून म्हणाला, "हात लावू नगंस. दुखंल तिला."

ती गेलीय, तिला आता काय दुखणार, असं कुणीही म्हणालं नाही. त्या म्हाताऱ्यानेच घोंगडी आणली. दादाने ती घडी करून तुझ्या मानेखाली घातली, एक घडी कमरेखाली, जिथे तुला बरं वाटायचं तिथे, आणि दोर सैल बांधायला लावले. तुला कुणी दाबलं नाही, वहिनी. होतीस तशीच नेली.